आता मराठीत सांगा

औताडे सरांना दुखवट्याला येऊ द्यावं की नाही, असा प्रश्न बेगमपुऱ्यात एकदा खरोखर पडला होता. झालं असं, की गल्लीतल्या काकासाहेबांचे मामा वारले. सर भेटायला गेले, चपला काढून सतरंजीवर टेकले. काकासाहेब डोळे पुसत म्हणाले, “मामा एक्सपायर झाले हो, सर.” बाकीच्या मंडळींनी माना खाली घातल्या. सरांनी मात्र मान वर केली.

“औषधाची बाटली एक्सपायर होते, काकासाहेब. मामा वारले म्हणा.”

काकासाहेबांचं रडू जागच्या जागी थांबलं. आवडाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, आत बायकांमध्ये बसल्या होत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला, “रडाया बसलेल्या मानसाला कशापायी शिकवू लागले तुमी? शाळा सुटली नं आता!” हा आवाज बाहेरच्या सतरंजीपुरता थांबणारा नव्हता. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बायकांनीही तो ऐकला आणि हसू दाबलं.

सरांचं नाव पुंजाराम. मूळचे वैजापूर तालुक्यातले. जन्म निजामाच्या राज्यातला, त्यामुळं पहिली अक्षरं गिरवली ती उर्दूची. पुढं पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं. शाळेतला फळा तोच राहिला, त्यावरची भाषा तेवढी बदलली. त्याच्यामागून इंग्रजी आली आणि पोरगा तिच्यावर असा भाळला की पुढं जन्मभर तालुक्यातल्या शाळांमधून तीच शिकवत राहिला. निवृत्त झाल्यावर औरंगाबादेत बेगमपुऱ्यात एक लहानसं घर घेतलं आणि नवरा-बायको तिथं राहायला आले. एकुलती मुलगी द्वारका वैजापुरात दिलेली.

सरांना इंग्रजी जितकी आवडायची तितकीच मराठीत घुसलेली इंग्रजी खुपायची. टेबल, बस, स्टेशन यांना त्यांची हरकत नव्हती. वस्तू परक्यांच्या, तर नावंही परक्यांची असोत. पण दुखणं आपलं, मरण आपलं, लग्न मोडलं तर तेही आपलंच, मग त्याला इंग्रजी नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. लोक बायको न म्हणता मिसेस म्हणतात, पोरीचा संसार मोडला न म्हणता डिव्होर्स झाला म्हणतात, बाप मरायला टेकला न म्हणता सिरीयस आहे म्हणतात. का? तर मराठी शब्द उच्चारला की पोटात कळ येते आणि इंग्रजी शब्द नुसता जिभेवरून घसरतो. लहानपणी बापाबरोबर कचेरीत गेल्यावर त्यांनी पाहिलेलं होतं, कारकून उर्दूत काहीतरी भराभर वाचायचा आणि एक अक्षर न कळलेला बाप हात जोडून ‘जी सरकार’ म्हणायचा. ज्याला लपवायचं असतं तो दुसऱ्याच भाषेत बोलतो, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आपल्याकडं आता सगळे एकमेकांचे कारकून झालेत, असं ते तावातावानं म्हणायचे.

शेजारचे युसूफभाई त्यांना मराठीतल्या उर्दू शब्दांवरून चिडवायचे. युसूफभाईंचं शहागंजात अत्तराचं दुकान. “सर, दवाखाना हमारा, इलाज हमारा, तब्येत भी हमारी. तुमारा क्या है?”

“दुखणं आमचं,” सर म्हणायचे, “आणि ते शब्द आता घरातले झाले, युसूफभाई. दारात उभे नाहीत.”

आवडाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. बिडकीनजवळच्या खेड्यातली मुलगी, तिथं त्या काळी पोरींना कोण शाळेत घालणार. लग्नानंतर सरांनी थोडे दिवस पाटी घेऊन बसवलं, पण हा माणूस शाळेत जितका शांत तितका घरात तापट, त्यामुळं ते तिथंच राहिलं. मात्र सर संध्याकाळी ओट्यावर मुलांची शिकवणी घ्यायचे, तेव्हा आवडाबाई भाजी निवडत सगळं ऐकायच्या आणि मध्येच तोंड घालायच्या. इंग्रजीत पाय लागला तरी सॉरी आणि घरातलं माणूस गेलं तरी सॉरीच म्हणतात, हे ऐकून त्या थक्क झाल्या होत्या. राजाला आणि कुत्र्याला एकच ‘यू’ म्हणतात, हे कळल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला. “मंग कुत्र्याला अहो म्हंत्यात का राजाला अरं म्हंत्यात, ते तरी सांगा!” मुलं हसून लोळायची. सर वरून चिडायचे आणि आतून खूष व्हायचे, कारण असा प्रश्न त्यांना उभ्या नोकरीत एकाही मुलानं विचारला नव्हता.

आणि आवाज! आवडाबाई म्हणजे आवाजच. भाजीवाल्याची गाडी पुढच्या गल्लीत असली तरी त्या दारातूनच कोथिंबिरीचा भाव करायच्या. भांडणं त्या नुसत्या आवाजावर मिटवायच्या. शकीलाभाभी, म्हणजे युसूफभाईंची बायको, भिंतीपलीकडून बोलायची आणि आवडाबाई अलीकडून, दोघींना उठून दारापर्यंत जायची कधी गरज पडली नाही. सर पुस्तक मिटून करवादायचे, “अगं, हळू बोल की जरा!” हे वाक्य त्यांनी संसारात किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही.

त्या आवाजाला पहिल्यांदा खरखर लागली तेव्हा कुणीच मनावर घेतलं नाही. गल्लीनं थट्टा केली, सरांनीही केली. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, युसूफभाईंनी जोशांद्याचा युनानी काढा आणून दिला. खरखर हटेना. मग घास गिळताना दुखायला लागलं आणि मानेवर एक कडक गोटी हाताला लागायला लागली. पोरपणापासून लावलेल्या मिश्रीचा डबा सरांनी रागानं उकिरड्यावर फेकला, पण तोवर उशीर झाला होता.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर दक्षिणेकडचे होते. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकं. सर इंग्रजीत बोलायला लागले तसा डॉक्टरांचा चेहरा उजळला. इतकं स्वच्छ इंग्रजी कुठं शिकलात, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. आणि खोटं कशाला सांगा, त्या क्षणी, बायको शेजारी स्टुलावर घसा धरून बसलेली असताना, सरांची छाती थोडी फुगली. पुढं कितीतरी दिवस त्यांना त्या फुगलेल्या छातीची आठवण झाली की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“आय ॲम अफ्रेड,” डॉक्टरांनी सुरुवात केली.

सर पोरांना शिकवायचे, की इंग्रज माणूस ‘मला भीती वाटते’ म्हणतो तेव्हा त्याला भीती मुळीच वाटत नसते. वाईट बातमी हळूच पुढं ठेवायची ती त्यांची रीत आहे. डॉक्टरांना खरंच भीती वाटत नव्हती. ती सगळी सरांच्या वाट्याला आली. गाठ साधी नव्हती आणि नेमकी स्वरयंत्रात होती. रस्ते दोन. एक म्हणजे स्वरयंत्र काढून टाकायचं. मग गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास, जीव बहुतेक वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. दुसरा म्हणजे किरणांचे शेक. आवाज कदाचित राहील, पण दुखणं उलटून येऊ शकतं, आणि उलटलं तर मग डॉक्टर कसलाच शब्द देणार नाहीत. ठरवायचं पेशंटनं आहे, डॉक्टर म्हणाले. तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा.

“शी विल बी टोल्ड,” सर म्हणाले.

आवडाबाई याच्या तोंडाकडून त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणले डागदर?”

सरांनी रस्त्याकडं बघत सांगितलं, “थोडं इन्फेक्शन आहे. ट्रीटमेंट घ्यावी लागेल. टेन्शन घेऊ नको.”

घर आलं. शकीलाभाभी ओट्यावर वाटच बघत होत्या. सर आत जाऊन चपला काढत होते तेवढ्यात बाहेरून त्या फाटक्या आवाजात आलेलं वाक्य त्यांनी ऐकलं. “शकीला, आमचे सर आज इंग्रजी घालून मराठी बोलले. मला लई मोठं कायतरी झालंय.”

चपलेचा बंद हातात धरून सर तसेच वाकलेले राहिले.

आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं! आपल्याकडं असलं दुखणं ज्याला झालं त्याला सोडून सगळ्यांना सांगतात. जावयाला कळतं, व्याह्यांना कळतं, शेजारच्या दूधवाल्याला कळतं, फक्त खाटेवरच्या माणसाला कळत नाही. औताड्यांच्या घरात तर याला कारणही घडलं होतं. सरांचे थोरले भाऊ आप्पासाहेब. त्यांनाही असलंच दुखणं झालं होतं. एका शहाण्या पुतण्यानं त्यांना तोंडावर सगळं सांगितलं, तसे ते भिंतीकडं तोंड करून निजले ते पुन्हा वळलेच नाहीत. अन्न सोडलं आणि दुखण्याच्या आधी धास्तीनं गेले. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं होतं. द्वारकाला कळवल्यावर तीही फोनवर रडत पहिलं वाक्य हेच म्हणाली, “बाबा, आईला कळू देऊ नका. ती हाय खाईल.”

पण आप्पासाहेब आणि द्वारका ही दाखवायची कारणं. खरं कारण सरांना पुरतं ठाऊक होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिला विचारलं तर ती शेक घेईन म्हणेल. ‘मुकी होऊन जगाया मी काय म्हैस हाय?’ हे वाक्य तिनं न उच्चारताच त्यांच्या कानात घुमत होतं. ती आवाज निवडेल आणि मग मरेल. सरांना ती जिवंत हवी होती. बोलती असो, नसो, खाटेवर असो, रागावलेली असो, पण या घरात श्वास घेणारी. जे तिला विचारायचं ते त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि तिच्या वतीनं स्वतःच होकार देऊन टाकला.

युसूफभाईंना अंदाज आला होता. पाणचक्कीच्या भिंतीशी दोघं संध्याकाळचे बसायचे, तिथं त्यांनी विषय काढला. “सर, भाभीकू बोल दो.”

“बोलणार आहे. धीर होत नाही.”

“गला उनका है, सर. तुमारा नई.”

“आणि उद्या ती नको म्हणाली तर? तुम्ही आणून द्याल का दुसरी आवडा?”

युसूफभाई उठता उठता हळूच म्हणाले, “नको बोली तो वो उनका नको है ना, सर.” सरांना त्या माणसाचा असा राग आला की घरापर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत. खऱ्या बोलण्याचा येतो तसला राग.

त्या दिवसांत सर मकबऱ्याच्या रस्त्यानं एकटेच चालायचे आणि वाक्य जुळवून बघायचे. इंग्रजीत ते कसं झटकन उभं राहायचं! ‘द लॅरिंक्स विल बी रिमूव्ह्ड.’ ना त्यात कुणी कापणारा, ना कुणी कापून घेणारी. वाक्य कसं धुतल्या भांड्यासारखं कोरडं. तेच मराठीत म्हणायला जावं, ‘आवडा, तुझा आवाज...’ आणि पुढचा शब्द घशातच अडकायचा. जन्मभर लोकांना ज्याबद्दल टोचून बोललो तेच आपलं झालं, हे त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग? काकासाहेब समोरून येताना दिसले तर ते दुसऱ्या बोळात वळायचे.

दवाखान्यात भरती व्हायचा दिवस जवळ आला. दुपारची जेवणं झाली होती. आवडाबाईंनी सुपातले तांदूळ निवडायचे थांबवले आणि समोरच्या पाटाकडं बोट केलं.

“इकडं बसा. आता मराठीत सांगा.”

“काय सांगू?”

“मला काय झालंय अन् ते काय करनारेत, ते. येकबी इंग्रजी शब्द नको. लपवायचं असलं की मानूस इंग्रजी बोलतंय, असं तुमीच म्हंता नं? मंग सांगा.”

सर पाटावर बसले. यापेक्षा सोपी वेळ देवानंही आणून दिली नसती. दार सताड उघडं होतं, तिनंच उघडून दिलं होतं, त्यांनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. त्यांनी तिच्या मानेवरच्या गाठीकडं पाहिलं. मग डोळ्यांकडं पाहिलं.

“तुझ्या घशात गाठ आहे,” ते म्हणाले. “ती कापून काढणार आहेत.”

“अन् आवाज?”

“आवाज थोडे दिवस बसेल. मग येईल पहिल्यासारखा.”

सर एवढं मोठं खोटं आयुष्यात बोलले नव्हते, आणि ते इतकं स्वच्छ निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ना अडखळणं, ना आडपडदा, ना एक परका शब्द. आवडाबाई त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरची शीर न् शीर सैल झाली.

“मंग हे आधी सांगाया काय झालं व्हतं?” त्या म्हणाल्या. “उगं जीव टांगनीला लावला माझा.”

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? या माणसानं सगळ्या संसारात तापटपणा केला, अबोला धरला, पण मराठीत कधी खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी त्या दुखत्या घशानं दोन घास जास्त जेवल्या. भिंतीपलीकडं शकीलाभाभींना खरखरत्या आवाजात सांगितलं, की काही नाही, नुसती गाठ आहे, आणि बरी झाले की वैजापूरला जाऊन द्वारकाच्या सासूला चांगलं सुनावणार आहे, लई दिवसांचं साचलंय. सर मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

ऑपरेशनच्या सकाळी अमिना नावाच्या सिस्टर आल्या. सिल्लोडकडच्या, अंगानं भरलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आवडाबाईंच्या अंगठ्याला शाई लावून कागदावर ठसा घेतला. शेजारी सरांनी सही केली. डॉक्टर तिथूनच जात होते. त्यांनी थांबून सरांना इंग्रजीत विचारलं, यांना सगळं माहीत आहे ना?

“येस, डॉक्टर,” सर म्हणाले.

गाडीवर निजवून त्यांना आत नेताना आवडाबाई एकदम कोपरावर उठल्या. घसा फाटला होता, तरी जुनी सवय कुठं जाते? सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं त्या ओरडल्या, “अहो, गॅसचं बटन बंद केलं का? अन् मागल्या दाराची कडी? वढून बघा म्हनलं व्हतं तुमाला!”

बाकड्यांवरची माणसं वळून बघायला लागली. सरांना सवयीनंच ओशाळल्यासारखं झालं.

“हळू,” ते म्हणाले, “हळू बोल. दवाखाना आहे.”

आवडाबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि हसल्या. मग दार बंद झालं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी ओठ हलवले. काही आलं नाही. त्यांनी घाबरून सरांकडं पाहिलं आणि मग, सरांना ते स्पष्ट दिसलं, त्यांना आठवलं. थोडे दिवस बसेल, मग येईल. त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर रोज सकाळी उठल्यावर त्या एकदा ओठ हलवून बघायच्या आणि आज नाही, अशी मान हलवून मुकाट्यानं पडून राहायच्या. सर खाटेशेजारी बसून हे बघायचे. माणसाला नरक मेल्यावरच मिळतो असं नाही.

एक दिवस अमिना सिस्टर नळी साफ कशी करायची ते शिकवायला बसल्या. “हे बगा मावशी, आता कायम ह्या भोकातूनच दम घ्यायचा. पाणी जाऊ द्यायचं नाय आत. बोलनं गेलं तरी हातवाऱ्यानं समदं जमतंय, आमच्याकडं लई बाया येत्यात अशा, चांगल्या संसार करत्यात.” आवडाबाईंनी त्यांचा हात धरून थांबवला. ओठांवर बोट ठेवलं, आणि तेच बोट वर करून प्रश्नासारखं हलवलं. अमिना सिस्टरांना आधी कळलंच नाही. मग त्या चाचरत म्हणाल्या, “आवाज? आवाज नाय येत आता, मावशी. ते तर काढून टाकलं ना सगळं. तुमाला...”

सर दारात उभे होते, हातात नारळपाणी होतं. आवडाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या, तर सरांनी तिथंच पाय धरले असते. पण ओरडायचं कशानं? त्यांनी पंजानं गादीवर मारलं. पुन्हा मारलं. मारत राहिल्या, अमिना सिस्टरांनी हात धरेपर्यंत. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा फसफसत होती.

“सर, मावशीला सांगितलं नव्हतं?” बाहेर आल्यावर अमिना सिस्टरांनी विचारलं.

शी वॉज नॉट टोल्ड. सरांच्या डोक्यात आपोआप वाक्य तयार झालं, बिनचूक, आणि त्यात ते स्वतः कुठंच नव्हते. मराठीत असं म्हणून सुटका होत नाही. तिला सांगितलं नाही म्हटलं, की ऐकणारा लगेच विचारतो, कुणी?

“मी सांगितलं नाही,” सर म्हणाले, आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले.

घरी आल्यावर आवडाबाईंनी अबोला धरला असं म्हणावं, तर तेही म्हणायची सोय राहिली नव्हती. त्या स्वयंपाक करायच्या, सरांच्या चहात आलं घालायच्या, ताट वाढायच्या. शकीलाभाभींशी हातवारे करून एवढं बोलायच्या की दोघी कधीकधी हसायच्याही. गल्ली मात्र ओसाड वाटायची. भाजीवाला दारापुढं येऊन उगाच घुटमळायचा. सर रोज म्हणायचे, “आवडा, चुकलं माझं.” त्या ऐकून घ्यायच्या. चेहऱ्यावर राग नसायचा. काहीच नसायचं. सरांनी पाटी आणली, म्हणाले, मी आता तरी शिकवतो, तुला काय म्हणायचं ते लिहून मला सांग, शिव्या लिही. त्यांनी पाटी घेतली आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली.

आणि मग सरांच्या ध्यानात यायला लागलं. त्यांनी नळाला पाणी आलं म्हटलं, की आवडाबाई उठून नळाखाली हात धरून बघायच्या. आज बाजार बंद आहे म्हटलं, की पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन यायच्या. द्वारकाचा फोन होता, सगळे बरे आहेत म्हटलं, की शकीलाभाभींकडं जाऊन त्यांच्याकडून पुन्हा फोन लावून घ्यायच्या. यात डूख नव्हता. परक्या माणसाचं बोलणं माणूस जसं खात्री करून घेतो, तसं. सर वेड्यासारखे सांगत सुटायचे, “अगं, खरं सांगतोय, देवाशपथ खरं!” आणि जितकं सांगायचे तितकं ते बोलणं हलकं होत जायचं. ज्या भाषेवर त्यांनी जन्मभर पहारा दिला, तिच्यातला एकही शब्द आता त्यांच्या घरात चालत नव्हता.

पुढच्या तपासणीला दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दुर्बिणीनं बराच वेळ तपासलं, मान चाचपली, पुन्हा तपासलं. सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग डॉक्टर मागं टेकले, हसले आणि इंग्रजीत म्हणाले, की सगळं साफ आहे, दुखण्याची खूणसुद्धा राहिलेली नाही, अभिनंदन.

सरांना हुंदका आवरेना. ते वळले, त्यांनी आवडाबाईंचे दोन्ही हात धरले.

“आवडा, गाठ गेली. काही राहिलं नाही आता. तू बरी झालीस.”

आवडाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग आपले हात हळूच सोडवून घेतले आणि पलीकडं कापूस घडी करून ठेवत असलेल्या अमिना सिस्टरांची बाही ओढली. हनुवटीनं डॉक्टरांकडं खूण केली आणि पंजा उलटा केला. काय म्हणाले?

“सरांनी सांगितलं की, मावशी.”

आवडाबाईंनी मान हलवली. बाही सोडली नाही.

अमिना सिस्टरांनी कापूस बाजूला ठेवला, खाली वाकल्या आणि त्यांच्या तोंडापाशी तोंड नेऊन म्हणाल्या, “गाठ गेली, मावशी. काय राहिलं नाय आता. तुमी बऱ्या झाल्या.”

आवडाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अमिना सिस्टरांचा हात ओढून छातीशी धरला आणि त्या गदगदून रडायला लागल्या, बिनआवाजाच्या, खांदे हलवत. रडता रडता हसल्या.

“बगा, सर बी हेच म्हणले व्हते,” अमिना सिस्टर हसून म्हणाल्या.

आवडाबाईंनी सरांकडं पाहिलं नाही.